नामदार गोखले आणि आपले गिरमीट

प्रदर्शनाच्या फलकावर कोणता शब्द लिहायचा यावरून गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाच्या बैठकीत जो वाद झाला, तो बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. ज्येष्ठांपैकी काहींचे म्हणणे असे की, ज्यांच्या शेजारी हॅरोत आपण इतकी वर्षे राहिलो त्यांच्यापुढे आपल्या खापरपणजोबांना कुली म्हणून उभे करू नये. तरुण मंडळींचे म्हणणे असे की, कागदोपत्री तोच शब्द आहे. तो झाकायचा असेल तर मग प्रदर्शन भरवायचे कशाला? आवाज चढले. एक काका पुढच्या दोन बैठकांना आलेच नाहीत. त्यानंतर या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्या असे आम्हांला सांगण्यात आले, आणि नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आमच्या मनात आले ते त्या बैठकीमुळेच.

गोखल्यांचे नाव आपल्या घरांत फारसे घेतले जात नाही. भिंतीवर गांधीजी असतात, टिळक असतात, शिवाजी महाराज तर असतातच. पण ज्या गिरमिटावर आपल्या पूर्वजांनी अंगठा उठवला, ते गिरमीटच बंद करा असा ठराव कलकत्त्याच्या सरकारी कौन्सिलात ज्यांनी मांडला, ते हे गोखले. शिवाय त्यांचे सगळे आयुष्य मतभेदात गेले. सरकारशी मतभेद, टिळकांशी मतभेद, स्वतःच्या लाडक्या शिष्याशीही मतभेद.

रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात कोतळूक नावाचे गाव आहे. तिथे ९ मे १८६६ रोजी गोखल्यांचा जन्म झाला. त्याच्या ३२ वर्षे आधी, १८३४ साली, मॉरिशसला गिरमिटाची सुरुवात झाली होती. मुंबई बंदरातून जी मराठी माणसे त्या बेटावर गेली, त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतली पुष्कळ होती. आपल्यापैकी कितीतरी घरांत मूळ गावाचे नाव उरलेले नाही. पणजोबांचे नुसते नावच पुढे आडनाव होऊन बसले. पण गणपतीत आपली माणसे झाकडी धरतात तेव्हा पाय कोकणचेच पडतात. गोखले त्याच लाल मातीतले. फरक इतकाच, की त्यांच्या वडिलांना कोल्हापूरकडे कागल संस्थानात नोकरी मिळाली, आणि आपल्यांना जहाज मिळाले.

वडील १८७९ मध्ये वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली, आणि त्यातले ८ रुपये ते दरमहा धाकट्या भावाला शिकायला पाठवीत. गणिताची सगळी उदाहरणे बरोबर आली म्हणून गुरुजींनी बक्षीस देऊ केले, तेव्हा हा मुलगा एका उदाहरणाला दुसऱ्याची मदत घेतली होती म्हणून रडू लागला, ही गोष्ट मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आम्हीही वर्गात ती अनेकदा सांगितली आहे. खरे सांगायचे तर मुलांना ती जरा गोड वाटते, आणि एखादा खोडकर मुलगा हसतोच. पण पुढे गोखल्यांच्या आयुष्यात जे घडले ते वाचल्यावर तिच्याकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली.

१८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. होऊन ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. बळवंतराव टिळक आणि गोपाळराव आगरकर यांनी उभ्या केलेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे ते आजीव सभासद झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून बरीच वर्षे चालले. त्याच सुमारास न्यायमूर्ती रानड्यांची गाठ पडली. रानड्यांनी त्यांना सार्वजनिक सभेच्या कामाला लावले, सरकारी अहवाल आणि अंदाजपत्रके वाचायला लावली, मसुदे पुन्हा पुन्हा लिहून घेतले. विरुद्ध पक्षाचा कागद त्याच्यापेक्षा नीट वाचून मगच तोंड उघडायचे, ही सवय त्यांना तिथे लागली.

पहिले मोठे भांडण घरातच झाले. सोसायटीच्या आजीव सभासदांनी बाहेरची कामे अंगावर घ्यावीत की नाही, यावर टिळकांचे मत कडक होते. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले आणि ते टोकाला गेले. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. दोघांनाही आपापली बाजू खरी वाटत होती आणि दोन्ही बाजूंनी लिहिली गेलेली पत्रे गोड नव्हती. पुढच्याच वर्षी संमतिवयाच्या कायद्यावरून पुणे दुभंगले. मुलीच्या वयाची मर्यादा दहावरून बारावर नेणाऱ्या त्या कायद्याला आगरकर-गोखल्यांचा पाठिंबा होता. परक्या सरकारने आपल्या चालीरीतींत हात घालू नये असे टिळकांचे म्हणणे होते. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या पक्षाच्या हाती गेली. तेव्हा रानडे-गोखल्यांनी तिथेच खुर्च्यांसाठी हातघाई केली नाही. पुढच्या वर्षी डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली आणि काम चालू ठेवले. याला माघार म्हणणारे तेव्हाही होते.

आता १८९७ सालाकडे येतो, कारण आमच्या मते गोखल्यांची खरी परीक्षा त्या वर्षी झाली. ते ३१ वर्षांचे होते आणि हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडात आले होते. तिकडे पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. घरे तपासायला गोरे सोजीर येत होते आणि लोक भयंकर संतापले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांत सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे लिहिले होते. गोखल्यांनी ते इथल्या वर्तमानपत्रांतून जाहीर केले. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले, मुंबई सरकारने इन्कार केला आणि पुरावा मागितला. जुलैअखेर ते मुंबईला उतरले आणि पत्र लिहिणाऱ्यांना भेटले. पण नावानिशी पुढे यायला कोणी तयार होईना. घाबरलेल्या माणसांची नावे सरकारला देणे त्यांच्या मनाला पटणारे नव्हते, आणि नावांवाचून आरोप सिद्ध होणारा नव्हता. तेव्हा त्यांनी आरोप बिनशर्त मागे घेतला आणि जाहीर माफी मागितली.

पुण्यात त्यांची छी-थू झाली. भित्रा, सरकारपुढे लोटांगण घालणारा, असे काय काय म्हटले गेले. काँग्रेसमध्येही काही काळ लोक त्यांच्याशी तुटकपणे वागले. इंग्रज तर खूश होऊन टोमणे मारीतच होते. प्लेगच्या त्या दिवसांत लोकांवर जुलूम झाला यात शंका नाही, आणि म्हणूनच ही माफी कित्येकांना आजही खुपते. आमच्या घरी यजमानांचे मत असे की, माफी मागताना त्यांनी इतके वाकायला नको होते. आम्हांला मात्र वाटते की, जे सिद्ध करता येत नाही ते मागे घेणारा माणूस पुढे जेव्हा आकडे घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या आकड्यांवर शंका घेणे सरकारला जड गेले.

आणि तसे घडलेही. १९०२ पासून ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसू लागले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये अंदाजपत्रकावरचे त्यांचे पहिले भाषण झाले. तिजोरीत शिल्लक उरली म्हणून सरकार खुशीत होते. ती शिल्लक भरभराटीची नसून गरिबावर जास्त कर बसवल्याची आहे, हे त्यांनी सरकारच्याच कागदांवरून मांडले. पुढच्या वर्षी मिठावरचा कर कमी झाला. लॉर्ड कर्झनवर त्यांच्याइतकी सडेतोड टीका कौन्सिलात दुसऱ्या कोणी केली नसेल. त्याच कर्झनच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये त्यांना सी. आय. ई. हा किताब मिळाला. त्यानंतरही टीकेची धार कमी झाली नाही. १९०५ मध्ये काशीच्या काँग्रेसचे अध्यक्ष या नात्याने वंगभंगावरून त्यांनी कर्झनच्या कारभाराचे वाभाडे काढले.

हॅरोकरांसाठी इथे थोडे विषयांतर. १९०५ आणि १९०६ या दोन्ही वर्षी गोखले काँग्रेसचे म्हणणे मांडायला इंग्लंडात आले होते. त्याच काळात आपल्या टेकडीवरच्या शाळेत अलाहाबादचा एक मुलगा शिकत होता, जवाहरलाल नेहरू. त्याचे वडील मोतीलाल नेमस्तांच्या बाजूचे आणि मुलाचा ओढा टिळकांच्या जहाल पक्षाकडे. हॅरो आणि पुढे केंब्रिजहून बापलेकांची पत्रे जात-येत राहिली, त्यांत या मतभेदाच्या ठिणग्याही उडाल्या. पत्रे मात्र थांबली नाहीत. स्टेशनातून बाहेर पडून टेकडीकडे पाहिले की आम्हांला हे हटकून आठवते.

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्यात येणाऱ्याला सात शपथा घ्याव्या लागत. त्यांतली एक अशी की, तो कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही. ज्या माणसाने पंधरा वर्षे पुण्यातली भांडणे अंगावर झेलली, त्याने ही शपथ मुद्दाम घातली, हे उघड आहे. मतभेद करू नका असे तिथे म्हटलेले नाही. पुण्यात राहून तसे कोण म्हणणार!

तरी दोनच वर्षांनी, डिसेंबर १९०७ मध्ये, सुरतेची काँग्रेस उधळली. मंडपात जोडे आणि खुर्च्या फेकल्या गेल्या. नेमस्त आणि जहाल वेगळे झाले. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आले, तेव्हा गोखल्यांचाच त्यात हात होता अशा कंड्या पिकल्या. एका माणसाला त्या किती जिव्हारी लागल्या असतील, याची कल्पना केलेली बरी.

आता आपल्या गिरमिटाविषयी. गांधीजी आणि गोखले यांची पहिली भेट १८९६ मध्ये पुण्याला झाली होती. १९०१ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेहून हिंदुस्थानात जाताना गांधीजींचे जहाज मॉरिशसला थांबले. तिथे काही दिवस काढून ते पुढे गेले आणि कलकत्त्याच्या काँग्रेसनंतर सुमारे महिनाभर गोखल्यांच्या घरी राहिले. गिरमिटियांची हकिकत गोखल्यांना सांगणारा माणूस असा घरातलाच होता.

फेब्रुवारी १९१० मध्ये गोखल्यांनी कौन्सिलात ठराव मांडला की, नाताळला गिरमिटावर मजूर पाठवणे बंद करावे. सरकारने तो मान्य केला आणि १९११ च्या जुलैपासून नाताळची भरती थांबली. मॉरिशसची भरतीही १९१० मध्येच थांबली होती. पण फिजी, त्रिनिदाद, गयाना, सुरीनाम इथे माणसे जातच होती. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला, की ही पद्धतच मुळासकट काढून टाकावी.

ते भाषण आम्ही दोनदा वाचले. त्यात आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. गिरमिटावर अंगठा लावणारा माणूस स्वतःला कशाकशाने बांधून घेतो, हे ते एकेक करून सांगत जातात. ज्या मुलखाची भाषा आणि चाल माहीत नाही तिथे तो जातो. जो मालक नशिबी येईल त्याच्याकडे त्याला राबावे लागते. परवान्याशिवाय मळ्याबाहेर पाऊल टाकता येत नाही. पाच वर्षे सुटका नाही, आणि मजुरी मात्र शेजारच्या मोकळ्या मजुरापेक्षा कमी. सर्वांत वाईट म्हणजे त्याच्यासाठी वेगळा कायदा. तो त्याला निघताना कोणी समजावून सांगितलेला नसतो, आणि कामात जरा हयगय झाली किंवा मुकादमाला उलट शब्द गेला तरी त्या कायद्याने सक्तमजुरीचा तुरुंग होतो. दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवायच्या या नियमाने वस्तीत काय होत असे, तेही ते मांडतात. आत्महत्यांचे आकडे देतात. आधार कोणाचा, तर बराचसा सरकारी अहवालांचा. १९१० च्या सँडर्सन समितीने गिरमीट चालू ठेवावे असे सांगितले होते, आणि तिच्यासमोरच्या साक्षीपुराव्यातूनच ते चालू ठेवू नये हे त्यांनी दाखवले.

कौन्सिलातले हिंदी सभासद त्यांच्या बाजूने उभे राहिले. सरकारी बहुमताने ठराव पडला. त्याच महिन्यात, १९ मार्चला, त्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिलही १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. आम्ही प्राथमिक शिक्षिका, त्यामुळे हा दुसरा पराभव आम्हांला अधिकच लागतो. एका महिन्यात दोन मोठे पराभव पदरी पडलेला, मधुमेहाने पोखरलेला माणूस त्याच वर्षी ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेला जाऊन पोहोचला.

तिथली एक गोष्ट गांधीजींनी लिहून ठेवली आहे, ती आपल्या मुलांना जरूर सांगावी. सभेत कोकणी मुसलमान आणि काही मराठी हिंदू असत. त्यांना समजावे म्हणून गोखल्यांनी मराठीत बोलावे, आपण भाषांतर करू, असे गांधीजींनी सुचवले. गांधीजींना मराठी कितपत येते हे माहीत असल्याने गोखल्यांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. तरीही ते मराठीत बोलले आणि झांजिबारपर्यंतच्या सभांत मराठीतच बोलत राहिले.

प्रिटोरियाला बोथा आणि स्मट्स या मंत्र्यांना भेटायला जाण्यापूर्वी त्यांनी गांधीजींकडून एकूण एक कागद समजून घेतला. रात्र जागून काढली. गिरमीट संपल्यावर नाताळात राहणाऱ्या मजुरावर, त्याच्या बायकोवर आणि वयात आलेल्या मुलांवर माणशी तीन पौंडांचा वार्षिक कर होता. तो रद्द होईल असा शब्द घेऊनच गोखले बाहेर आले. आता वर्षभरात तू हिंदुस्थानात परत ये, असे त्यांनी गांधीजींना सांगितले. गांधीजींना त्या शब्दाचा भरवसा वाटत नव्हता, आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. १९१३ मध्ये सरकारने असा शब्द दिलाच नव्हता म्हणून हात वर केले. समोरच्याच्या सभ्यपणावर गोखले विसंबले आणि फसले, असे कोणी म्हटले तर ते नाकारता येणार नाही.

पुढे काय झाले ते मात्र पाहण्यासारखे आहे. नाताळातल्या खाणींतल्या आणि मळ्यांतल्या गिरमिटियांनी संप केला. गोखले आजारी होते. ते अंथरुणातून उठून गावोगावी पैसे गोळा करू लागले, अँड्र्यूज आणि पिअर्सन यांना मदतीला धाडले, व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांना पटवले. मग चौकशी समिती नेमली गेली. तिच्यावर एकही हिंदी माणूस नाही म्हणून गांधीजींनी तिच्यापुढे साक्ष द्यायला नकार दिला. गोखल्यांना हे मुळीच पसंत नव्हते. व्हाइसरॉय तोंडघशी पडतील असे त्यांना वाटले, आणि त्यांनी तारांतून आपली नाराजी कळवली. गांधीजी बधले नाहीत. नाराजी तशीच राहिली आणि मदतही तशीच चालू राहिली. १९१४ मध्ये तीन पौंडांचा कर रद्द झाला. गांधीजींचे हिंद स्वराज्य हे पुस्तकही गोखल्यांना कच्चे वाटले होते, आणि तेही त्यांनी तोंडावर सांगितले होते. गांधीजींनी ते पुस्तक मागे घेतले नाही, आणि गोखल्यांना गुरू मानणेही सोडले नाही.

टिळकांशी मात्र त्यांचे शेवटपर्यंत जमले नाही. १९१४ मध्ये टिळक मंडालेहून सुटून आले. दोन्ही पक्ष पुन्हा एक व्हावेत म्हणून ॲनी बेझंट मध्ये पडल्या, बोलणी जवळजवळ जुळत आली, आणि गोखल्यांनी एका नेत्याला लिहिलेल्या पत्रावरून पुन्हा फिसकटली. शपथ घातलेली असूनही शेवटच्या आठवड्यांत वर्तमानपत्रांतून उणीदुणी चालूच होती. रविवारच्या वर्गात एका मुलीने आम्हांला विचारले की, शेवटी तरी त्यांची मैत्री झाली का? नाही झाली, असेच आम्ही सांगितले.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले पुण्यात वारले. वय ४८. टिळक तेव्हा सिंहगडावर होते. बातमी कळताच ते खाली उतरले आणि स्मशानात आले. जमलेल्या लोकांपुढे ते बोलले. टाळ्या वाजवणाऱ्यांना त्यांनी गप्प केले आणि चितेवरच्या माणसाचे गुण सांगून त्याच्यासारखे काम करायला तरुणांना सांगितले. पंचवीस वर्षांतला एकही वाद त्यांनी मागे घेतला नाही. तिथे त्याची गरजही नव्हती.

मार्च १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांनी गोखल्यांचा पडलेला ठराव त्याच कौन्सिलात पुन्हा मांडला आणि लॉर्ड हार्डिंज यांनी सरकारतर्फे तो स्वीकारला. १९१७ मध्ये भरती थांबली. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतल्या मळ्यांवरची उरलेली गिरमिटे रद्द झाली.

प्रदर्शनाच्या फलकाचा मजकूर अजून ठरलेला नाही. पुढच्या बैठकीला काका येणार आहेत, असे त्यांनी स्वतः फोन करून कळवले आहे.